घरगुती उपकरणांची दुरुस्ती शिकाऊ विद्यार्थ्याला कशी शिकवावी: कोल्हापुरातील कारागिरांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

दुकानात शिकायला आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात मिक्सर उघडायला मागतो आणि कामाच्या गर्दीत आपणही त्याच्यापुढे मिक्सर ठेवतो. काही महिन्यांत त्याला कार्बन बदलता येतो, पंख्याचा कपॅसिटर बदलता येतो, इस्त्रीची वायर जोडता येते. परंतु वस्तू नेमकी कशामुळे बंद पडली असे विचारले, की "हा भाग बदलून बघूया" एवढेच त्याचे उत्तर असते. भाग बदलण्याचे काम हाताला लवकर येते, दोष शोधण्याचे काम मात्र कोणीतरी क्रमाने शिकवल्याशिवाय येत नाही. ज्यांचे कोल्हापुरात किंवा आसपासच्या गावांत दुरुस्तीचे दुकान आहे आणि जे पहिल्यांदाच एखाद्या मुलाला किंवा मुलीला हाताखाली घेणार आहेत, त्यांच्यासाठी मी शिकवताना ठरत गेलेला क्रम येथे मांडला आहे.

या सगळ्या क्रमाचा आधार एकच नियम आहे: मोजण्यापूर्वी मीटर काय दाखवेल ते विद्यार्थ्याने तोंडाने सांगायचे, मगच मोजायचे. अंदाज चुकला तरी चालेल, पण अंदाज न सांगता मीटरची टोके लावायची नाहीत.

1. घेण्यापूर्वी: वय, कागद आणि घरच्यांशी बोलणे

चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवणे हा गुन्हा आहे आणि 14 ते 18 या वयोगटातील मुलांना धोकादायक कामावर ठेवण्यास 1986 च्या बालकामगारविषयक कायद्याने, 2016 च्या दुरुस्तीनंतर, बंदी आहे. "घरचाच आहे, नुसता बसेल" या सबबीचा उपयोग नाही. माझे स्पष्ट मत असे आहे, की विजेच्या कामासाठी 18 वर्षे पूर्ण झालेल्यालाच घ्यावे. दहावी झालेल्या लहान मुलाला या कामाची खरी ओढ असेल, तर त्याला आयटीआयची वाट दाखवावी. त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

कागद फार लागत नाहीत. आधार कार्डाची प्रत, शाळा सोडल्याचा दाखला, दोन फोटो, घरच्या माणसाचा फोन क्रमांक, रक्तगट, आणि शिकण्याचा काळ, वेळ व विद्यावेतन लिहिलेले एक साधे पत्र, ज्यावर तुमची, विद्यार्थ्याची आणि पालकांची सही असेल. विद्यावेतन किती द्यायचे ते पहिल्याच दिवशी ठरवून लिहून ठेवा. "नंतर बघू" म्हटल्यामुळे चांगली मुले काम अर्धवट सोडून जातात. बँकेत खाते असेल तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा अर्ज त्याच आठवड्यात भरून घ्या. वर्षाला 20 रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी 2 लाखांचे संरक्षण असलेली ही योजना 18 ते 70 या वयात घेता येते.

पालकांना बोलावून एक गोष्ट समोरासमोर सांगा: सुरुवातीचे काही आठवडे मुलगा चालू विजेला हात लावणार नाही. कागल किंवा पन्हाळ्याच्या बाजूहून रोज एसटीने येणाऱ्या मुलाच्या आईला हे ऐकून जो धीर येतो, तो दुसऱ्या कशाने येत नाही.

2. बसायची जागा आणि साधने

शिकवण्यासाठी वेगळे टेबल ठेवा आणि ते लाकडाचे असू द्या. त्याच्यासमोर रबरी मॅट हवी, आणि टेबलाचा विद्युतपुरवठा 30 मिलीअँपिअरच्या आरसीसीबीतून (वीज अर्थकडे गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आणि वेगळ्या एमसीबीतून (प्रवाह जादा झाला की आपोआप पडणारा स्विच) आलेला हवा. आरसीसीबीवरचे टेस्ट बटण महिन्यातून एकदा विद्यार्थ्याकडूनच दाबून घ्या. मुख्य स्विच टेबलापासून दोन पावलांवर, हात पोहोचेल असा आणि त्यापुढे वस्तूंचा ढीग नसलेला असावा.

साधनांमध्ये लहान-मोठे स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, कटर, नोज प्लायर, वायर सोलायचा स्ट्रिपर, पाने, सोल्डरिंग आयर्न, मऊ ब्रश, शून्य नंबरचा पॉलिश पेपर, स्लीव्ह व थिंबल, आणि कपॅसिटर मोजणारा डिजिटल मल्टिमीटर एवढे लागते. मीटर स्वस्तातला घेऊ नका. टोकांवर आणि मीटरवर कॅट तीन (मीटरचा सुरक्षेचा दर्जा), 600 व्होल्ट असे छापलेले पाहून घ्या. दुकानात 500 व्होल्टचा मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणारा मीटर, असेल तर फारच चांगले, कारण दमट हवेच्या या शहरात त्याचे काम वर्षभर पडते.

विद्यार्थ्याच्या हातातले कडे, अंगठी आणि गळ्यातली चेन टेबलावर बसण्यापूर्वी उतरवून घ्या. आपल्याकडे तरुण मुलांना कड्याची आवड फार, आणि ते काढायला सांगितले की काही जण नाराज होतात. याबाबतीत मात्र सवलत देऊ नका. पायांत कोरडी, रबरी तळाची चप्पल किंवा बूट हवेत, अनवाणी कोणीही बसायचे नाही.

3. पहिला धडा: वीज खरोखर गेली आहे याची खात्री

पहिल्या काही दिवसांत एकही वस्तू उघडू नका. घरात येणारा पुरवठा 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ असतो, फेज आणि न्यूट्रल म्हणजे काय आणि अर्थिंगचे काम काय, हे फलकावर काढून समजवा. नव्या लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थ असते, तर जुन्यात लाल, काळी आणि हिरवी. सॉकेट समोरून पाहताना उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल आणि वर जाडसर छिद्र अर्थचे असते. प्लग पिनांच्या बाजूने पाहिला की डावे-उजवे उलटते, आणि नवखा मुलगा नेमका येथेच गोंधळतो. त्यामुळे त्याने प्लगच्या आतील एल, एन, ई ही अक्षरे वाचूनच वायर जोडावी.

यानंतर टेस्टरविषयीचा गैरसमज दूर करा. टेस्टरचा दिवा लागण्यासाठी प्रवाहाला आपल्या शरीरातून जमिनीपर्यंत वाट लागते. रबरी चप्पल घालून कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिले तर वायर जिवंत असूनही दिवा इतका मंद दिसतो, की उजेडात तो कळतच नाही. उलट शेजारच्या वायरीच्या प्रभावाने मृत वायरीवरही तो मिणमिणतो. म्हणून टेस्टर लागला नाही याचा अर्थ वीज नाही असा कधीही घ्यायचा नाही. मीटर आधी जिवंत आहे हे माहीत असलेल्या सॉकेटवर लावून पाहायचा, मग ज्या जागी काम करायचे तेथे, आणि शेवटी पुन्हा त्या जिवंत सॉकेटवर; तिन्ही वेळा उत्तर बरोबर आले तरच वीज बंद आहे असे मानायचे. हे त्याच्याकडून रोज सकाळी करून घ्या, त्याला कंटाळा आला तरी.

दुकानातच एखादे वेळी कोणाला झटका बसला तर काय करायचे याचीही तालीम घ्या. माणसाला हात लावायच्या आधी मुख्य स्विच बंद करायचा. तो जवळ नसेल तर कोरड्या लाकडी दांड्याने वायर बाजूला करायची. श्वास चालत नसेल तर छातीवर 30 दाब आणि 2 श्वास हा क्रम सुरू करायचा आणि दुसऱ्याने 108 ला फोन करायचा. झटका बसूनही माणूस उठून बोलू लागला, तरी हृदयाची तपासणी करण्यासाठी त्याला सीपीआर (छत्रपती प्रमिलाराजे) रुग्णालयात किंवा जवळच्या दुसऱ्या रुग्णालयात न्यावे, कारण हृदयाच्या ठोक्यांतील बिघाड वरून दिसत नाही.

4. मीटर: आधी अंदाज, मग मोजणी

मीटर शिकवताना मी सर्वप्रथम मुलांना एक सूत्र देतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम. 1000 वॅटच्या इस्त्रीचा रोध सुमारे 53 ओहम, 750 वॅटच्या इस्त्रीचा सुमारे 70 ओहम, आणि 2000 वॅटच्या गिझरच्या एलिमेंटचा सुमारे 26 ओहम. तापवणाऱ्या कोणत्याही वस्तूच्या पाटीवरचे वॅट वाचून विद्यार्थ्याने हा आकडा कागदावर काढावा आणि मगच मीटर लावावा. आकडा जुळला की त्याच्या चेहऱ्यावर जो विश्वास दिसतो, त्यासाठी हा धडा घाईने संपवू नये. नाही जुळला, तर पाटी चुकीची वाचली, सूत्र चुकले की वस्तूत दोष आहे, यांपैकी काय झाले ते त्यानेच शोधावे.

मोटरला हे सूत्र लागू पडत नाही, हेही त्याच दिवशी सांगा. मोटर फिरू लागली की तिच्यात उलट दाब निर्माण होतो आणि प्रवाह आटोक्यात राहतो, त्यामुळे थंड मोटरचा मोजलेला रोध सूत्राच्या आकड्यापेक्षा पुष्कळ कमी येतो. हे न सांगितल्यास विद्यार्थी चांगल्या मिक्सरलाही शॉर्ट ठरवतो.

मीटरच्या बाबतीत तीन सवयी सुरुवातीलाच अंगी लावा. ओहममध्ये असलेली टोके जिवंत पुरवठ्याला लावायची नाहीत. लाल टोक अँपिअरच्या छिद्रात राहिले असताना व्होल्ट मोजायला गेल्यास थेट शॉर्ट होते, म्हणून टोक कोणत्या छिद्रात आहे ते दर वेळी डोळ्याने पाहायचे. काम झाले की नॉब एसी व्होल्टच्या सर्वांत मोठ्या रेंजवर ठेवूनच मीटर खाली ठेवायचा. शिवाय टोके एकमेकांना लावली तरी मीटर अर्ध्या ओहमपर्यंत काहीतरी दाखवतो. लहान रोध मोजताना तेवढे वजा करायला शिकवा.

5. सिरीज बोर्ड बनवून घेणे

विद्यार्थ्याने स्वतः बनवायची पहिली वस्तू म्हणजे सिरीज बोर्ड, म्हणजे तपासायच्या वस्तूला दिव्यातून वीज देऊन पाहण्याचा बोर्ड. एमसीबीतून आलेली फेज आधी दिव्याच्या होल्डरमधून आणि मग चाचणीच्या सॉकेटला न्यायची, न्यूट्रल सरळ सॉकेटला आणि अर्थ सॉकेटच्या अर्थला. दिवा 100 वॅटचा, तारेचा म्हणजे जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब हवा. आजकाल घरोघरी एलईडी दिवे असल्यामुळे मुले तोच लावायला जातात. एलईडीच्या आत इलेक्ट्रॉनिक ड्रायव्हर असल्याने तो सिरीजमध्ये ना प्रवाहाचा अंदाज देतो, ना वस्तूला संरक्षण देतो. तारेचे बल्ब मिळणे अवघड होत चालले आहे, म्हणून मिळतील तेव्हा चार-पाच घेऊन ठेवावेत.

सॉकेटमध्ये लावलेल्या वस्तूत शॉर्ट असेल तर दिवा पूर्ण पेटतो आणि फ्यूज उडत नाही. वस्तूतून वाटच नसेल तर दिवा लागत नाही. येथपर्यंत सगळेच शिकवतात. पुढची गोष्ट सहसा सांगितली जात नाही आणि तीच मुलांना फसवते. 1000 वॅटची चांगली इस्त्री सिरीज बोर्डावर लावली तरीही दिवा जवळजवळ पूर्ण पेटतो, कारण 100 वॅटच्या दिव्याचा पेटल्यावरचा रोध सुमारे 529 ओहम आणि इस्त्रीचा 53, म्हणजे 230 पैकी सुमारे 209 व्होल्ट दिव्यालाच मिळतात. डोळ्याला हा फरक कळत नाही. म्हणून तापणाऱ्या वस्तूत शॉर्ट आहे की नाही हे मीटरने ठरवायचे, दिव्याने नाही. मिक्सर आणि पंख्यासाठी मात्र सिरीज बोर्ड उत्तम आहे: मिक्सर हळूहळू फिरतो आणि कार्बन कसा ठिणगी टाकतो ते शांतपणे पाहता येते.

सिरीज बोर्डावर दिवा बाद करून थेट पुरवठा देणारा स्विच बसवण्याची पद्धत आहे. शिकाऊ मुलाच्या बोर्डावर तो बसवू नका. थेट पुरवठा तुमच्या स्वतःच्या टेबलावर, तुम्ही समोर असतानाच.

6. पहिली वस्तू: इस्त्री

इस्त्रीत हलणारा भाग जवळजवळ नसतो, सगळा मार्ग डोळ्यांना दिसतो, म्हणून सुरुवात तिच्यापासून करावी. उघडण्यापूर्वी प्लगच्या पिनांवरच तीन मोजण्या घ्यायला लावा आणि प्रत्येकीचा अंदाज आधी लिहून घ्या. फेज व न्यूट्रलमध्ये वॅटनुसार 53 किंवा 70 च्या आसपास. अर्थची पिन आणि खालचा तळ यांच्यात जवळपास शून्य. फेज आणि अर्थमध्ये पूर्ण उघडे. नॉब बंदवर ठेवून मोजल्यास पहिली मोजणी उघडी येते आणि विद्यार्थी एलिमेंट गेले असे जाहीर करतो. हे बहुतेक प्रत्येकाकडून एकदा होते, त्यामुळे ते होऊ द्या आणि त्यालाच कारण शोधू द्या.

मार्ग तुटलेला असेल तर क्रम असा ठेवावा: वायर, जोडणी, थर्मोस्टॅटचे पॉइंट, थर्मल फ्यूज, आणि शेवटी एलिमेंट. इस्त्रीची वायर जेथे इस्त्रीत शिरते तेथेच वाकून वाकून आत तुटते, वरून दिसत नाही. मीटर कंटिन्युटीवर (मार्ग जोडलेला असला की मीटर वाजतो ती जागा) लावून वायर तेथे हलवली की आवाज तुटतो. नवी वायर घालताना ती कापडी वेष्टणाची, उष्णता सोसणारी, तीन तारांचीच घ्यावी. साधी प्लॅस्टिकची वायर तापलेल्या तळाला लागून वितळते.

येथे मला सगळ्यांत महत्त्वाचे वाटणारे एक सांगायचे आहे. थर्मोस्टॅट किंवा थर्मल फ्यूज खराब निघाला आणि भाग हाताशी नसला, की "डायरेक्ट करून दे" असे ग्राहकही म्हणतो आणि काही कारागीरही करून देतात. डायरेक्ट केलेली इस्त्री कपड्यावर राहिली तर तिला थांबवणारे काहीच उरत नाही. विद्यार्थ्याने हे तुमच्या हातून एकदा जरी पाहिले, तर तो आयुष्यभर करील. म्हणून भाग मिळेपर्यंत वस्तू थांबवून ठेवा, ग्राहक परत घेऊन गेला तरी जाऊ द्या.

7. मिक्सर

कोल्हापुरात दुरुस्तीला येणाऱ्या मिक्सरचा हंगाम उन्हाळ्यातला असतो. मिरच्या डंकावर कुटून आणल्या तरी चटणीसाठी लागणारा कांदा, लसूण आणि खोबरे घरच्या मिक्सरमध्येच वाटले जाते, आणि एकामागून एक भांडी लावत मिक्सर तासभर चालतो. अनेक मिक्सरच्या पाटीवर 30 मिनिटे लिहिलेले असते, त्याचा अर्थ सलग अर्धा तास असा नसून 5 मिनिटे चालू आणि 2 मिनिटे बंद अशा फेऱ्या असा असतो. ग्राहक ताईंना हे समजावून सांगण्याचे काम विद्यार्थ्याकडे द्या. समजावताना त्याचे स्वतःचेही पक्के होते.

उघडण्यापूर्वी भांडे बाजूला काढून पाते हाताने फिरवायला लावा. पाते अडकत असेल तर दोष मोटरमध्ये नाही, भांड्याच्या बुशमध्ये आहे. मग खालचे ओव्हरलोडचे लाल बटण पाहावे. ते बाहेर आले असेल तर मोटर थंड होऊ द्यावी आणि दाबावे. पुन्हा पुन्हा बाहेर येत असेल तर कारण शोधायचे, बटण बायपास करायचे नाही. मोटरच्या वरच्या खोलगट भागातील पाणी जाण्याचे छिद्र काडीने मोकळे करून घ्यावे. ओल्या खोबऱ्याचे वाटण वाळून ते बुजते, आणि मग भांड्यातून गळलेले पाणी शाफ्टवरून थेट बेअरिंगमध्ये उतरते.

कपलर, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरची भांड्याचे पाते फिरवणारी चकती, काढताना मुले जोर लावून आटे खराब करतात. त्यांना तत्त्व सांगा: कपलरचे आटे चालताना घट्ट होतील असे असतात, म्हणून मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने कपलर फिरवला की तो सुटतो. फिरण्याची दिशा आधी सिरीज बोर्डावर पाहून वहीत लिहावी, प्लग काढावा, खालच्या बाजूने शाफ्ट धरावा आणि मग कपलर सोडवावा.

मोटरमध्ये फिल्ड कॉइल (स्थिर गुंडाळी), आर्मेचर (फिरणारा भाग) आणि त्याला वीज पोचवणारे दोन कार्बन यांचा एकच मार्ग असतो. प्लगवर मार्ग तुटलेला दिसला तर स्विच, ओव्हरलोड, कार्बन असे पुढे सरकत जावे. कार्बन आखूड झाला, स्प्रिंग जळून ढिली पडली किंवा कार्बन होल्डरमध्ये अडकला, तर ठिणग्या वाढतात आणि कम्युटेटर, म्हणजे आर्मेचरवरचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल भाग, काळा पडतो. कार्बन नेहमी जोडीने आणि त्याच मापाचे बदलावेत. मोठा कार्बन घासून बसवला तर तो वाकडा टेकतो. कम्युटेटर शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच पुसावा, एमरीने नाही, आणि पट्ट्यांमधल्या खाचांतील काळी पूड ब्रशने काढावी.

येथे विद्यार्थ्याची खरी परीक्षा होते. कार्बन बदलून मिक्सर चालू झाला, तरी काम संपले असे त्याला म्हणू देऊ नका. कार्बन इतक्या लवकर का झिजला? कम्युटेटरच्या शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्यांमधला रोध क्रमाने मोजायला लावा. सगळीकडे जवळपास सारखा आकडा आला तर आर्मेचर ठीक. एकाच जागी वेगळा आला तर आतली गुंडाळी तुटली किंवा शॉर्ट झाली आहे, आणि नवा कार्बनही तेथेच जळणार. शाफ्ट हाताने बाजूला हलवून बुश सैल आहे का तेही पाहावे. आर्मेचर किंवा फिल्डचे रिवाइंडिंग, म्हणजे तार नव्याने गुंडाळण्याचे काम, विद्यार्थ्याला लगेच शिकवण्याच्या भानगडीत पडू नका. उद्यमनगरात ज्यांच्याकडे तुमचे रिवाइंडिंगचे काम जाते, तेथे त्याला एखाद्या दुपारी नुसते पाहायला पाठवा.

8. छताचा पंखा

पंखा शिकवणे सोपे आहे, फक्त तो खाली उतरवून टेबलावर शिकवावा. छताजवळ शिडीवर चढण्याचे काम बऱ्याच उशिरा, आणि तेही मुख्य स्विच बंद करून, खाली दुसरा माणूस असताना. हळू फिरणारा पंखा बहुधा कपॅसिटरचा असतो. 2.5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर साधारण 2.37 ते 2.62 च्या दरम्यान दाखवतो, 1.8 दाखवत असेल तर तो बदलायचा. मोजण्यापूर्वी तो दिव्यातून डिस्चार्ज करायची सवय लावा. वाइंडिंगच्या तीन वायरींपैकी ज्या दोहोंत सर्वांत जास्त रोध येतो, त्या सोडून उरलेली ती कॉमन (दोन्ही वाइंडिंगला सामाईक), हे विद्यार्थ्याला कागदावर दोन रोध जोडून काढून दाखवा, पाठ करायला लावू नका. पंख्यांवर स्टार लेबल 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाल्यानंतर कमी वॅटचे बीएलडीसी (ब्रश नसलेल्या डीसी मोटरचे) पंखे अधिक येऊ लागले आहेत. त्यांच्या आत सर्किट बोर्ड असतो आणि वरील रीत त्यांना लागू नाही.

9. गिझर, आणि ज्या वस्तू अजून उघडायच्या नाहीत

गिझरमध्ये वीज आणि पाणी एकत्र असल्याने तो शेवटी, आणि ग्राहकाच्या घरी तुम्ही सोबत असतानाच शिकवावा. एलिमेंटचे 26 ओहम बरोबर आले तरी काम संपत नाही. एलिमेंट आणि बॉडी यांच्यातील इन्सुलेशन मेगरने पाहिल्याशिवाय तो चालू करायचा नाही. मी 2 मेगाओहमपेक्षा कमी असलेली वस्तू परत देत नाही. टाकीत पाणी नसताना गिझर चालू केल्यास एलिमेंट जळते. 2000 वॅटला पावणेनऊ अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो, म्हणून 6 अँपिअरच्या पिनेवर चालवलेल्या गिझरचा प्लग वितळलेला सापडतो. पेठांतील जुन्या वाड्यांमध्ये सॉकेटला अर्थची वायरच नसते. तेथे आधी अर्थिंग करून घ्यायला सांगावे, आणि घराचे वायरिंग परवानाधारक वायरमननेच करावे. विद्यार्थ्याची हद्द प्लगपर्यंत, भिंतीच्या आत नाही.

मायक्रोवेव्ह ओव्हन, इंडक्शन शेगडी, इन्व्हर्टर एसी आणि फ्रिजचे गॅसचे काम शिकाऊच्या टेबलावर येऊ देऊ नका. मायक्रोवेव्हचा कपॅसिटर प्लग काढल्यानंतरही दोन हजार व्होल्टच्या पुढचा दाब धरून राहू शकतो, इंडक्शनच्या बोर्डावर सव्वातीनशे व्होल्ट डीसी असते, आणि आजच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर 600 ए हा ज्वलनशील वायू असतो. या वस्तू आल्या की त्याने फक्त नोंद करून बाजूला ठेवाव्यात.

10. पुराचे पाणी लागलेल्या वस्तू

कोल्हापुरात हा धडा वेगळा शिकवावाच लागतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरांनंतर शाहूपुरीतील कुंभार गल्ली, सुतारवाडा, रमणमळा अशा भागांतून गाळाने भरलेले मिक्सर, पंखे, पंप यांचे ढीग दुकानांपुढे लागले होते. पंचगंगेचे पाणी राजाराम बंधाऱ्याजवळ 43 फुटांची धोका पातळी ओलांडू लागले, की पुढच्या पंधरवड्यात कोणते काम येणार हे ओळखून विद्यार्थ्याला आधीच तयार करावे.

पुरात भिजलेली वस्तू "चालते का बघूया" म्हणून कधीही चालू करायची नाही. गाळ वाळण्याच्या आत उघडून स्वच्छ पाण्याने धुवायची, कारण वाळलेला गाळ वाइंडिंगच्या आत घट्ट बसतो. मग ती उन्हात, आणि ऊन नसेल तर दिव्याच्या उबेवर काही दिवस वाळवायची, बेअरिंगमधले ग्रीस बदलायचे आणि मेगरचा आकडा रोज वहीत लिहायचा. आकडा दिवसागणिक वाढत जातो आणि एका जागी स्थिरावतो. तो कमीच राहिला तर वाइंडिंग गेले. इस्त्रीचे व गिझरचे भिजलेले थर्मोस्टॅट वाळवून वापरू नयेत, बदलावेत. घाईने पैसे मिळवण्याच्या त्या दिवसांत विद्यार्थी तुमच्याकडेच पाहत असतो, म्हणून पुरात सगळे गमावलेल्या घराकडून तपासणीचे पैसे घ्यायचे की नाही, हे आधीच मनाशी ठरवून ठेवा.

11. वही, ग्राहक आणि पुढची वाट

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधून वहीत तारीख, ग्राहकाने सांगितलेली तक्रार, विद्यार्थ्याचा अंदाज, मोजणी, सापडलेले कारण आणि बदललेला भाग लिहायला लावा. तक्रार ग्राहकाच्या शब्दांतच लिहावी. "जळका वास आला आणि मग बंद पडला" यात जेवढी माहिती आहे, तेवढी "मिक्सर बंद" यात नाही. उघडण्यापूर्वी मोबाइलवर वायरींचे फोटो काढावेत. काढलेला जुना भाग ग्राहकाला परत द्यावा आणि खर्चाचा अंदाज कामापूर्वी सांगावा. वस्तू देताना ती त्यांच्यासमोर चालवून दाखवावी, आणि त्याआधी फेज ते बॉडीची मोजणी पुन्हा घेतलेली असावी.

वहीत सलग काही आठवडे अंदाज आणि सापडलेले कारण बहुतेक ठिकाणी जुळू लागले, की विद्यार्थ्याला एकट्याने इस्त्री आणि मिक्सर द्यायला हरकत नाही. ज्याला याच धंद्यात राहायचे आहे, त्याने दहावीनंतर कळंब्याच्या शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रिशियनच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज करावा. प्रवेशाचा अर्ज ऑनलाइन असतो. दहावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र आणि लागू असल्यास जातीचा दाखला निकाल लागण्यापूर्वीच जमवून ठेवावेत, कारण तहसील कार्यालयातील दाखल्यांसाठी जून-जुलैमध्ये मोठी गर्दी होते आणि एका कागदावाचून जागा जाते. अर्ज भरताना त्याच्या शेजारी बसा, आणि तुमच्या दुकानात शिकलेल्या कामाची, तारखांसह, सहीची एक चिठ्ठी त्याला द्या.